जुन्या ट्रकनाही ‘व्हिंटेज’ म्हणा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिंटेज मोटारींच्या फेरीचं वृत्त तुम्ही परवा पानभर छापलंत. फोटो सुरेख होते. बॉनेटला हार, फेटेवाले मालक, बघ्यांची गर्दी. पण सबंध पानात एकही ट्रक दिसला नाही. तो तुमचा दोष नव्हे, फेरीतच ट्रक नव्हता. तो का नसतो, हे मला गेल्या दीड वर्षात एका सिलिंडर हेडपायी, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणापायी, कळलं.

आमच्या घरी १९६१ सालची, लांब नाकाची टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक आहे. टाटांची टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला, त्या काळातली. हिच्या नाकावर अजून तीन टोकांचा तारा आहे. वडील हिच्यातून कोल्हापूरचा गूळ आंबा घाटाने रत्नागिरीला उतरवायचे आणि येताना सुकी मासळी भरायचे. इंजिन ३१२, सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १२० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे साधारण साडेचार लिटरचं. १९९४ पासून ती शेडात उभी होती. मी चाळीस वर्षं टर्नर म्हणून लेथवर काढली. निवृत्त झाल्यावर ठरवलं, ही गाडी एकदा स्वतःच्या पायांवर शेडाबाहेर काढायची.

बोअर, क्रँक यांचं काम होऊन गेलं. पिस्टन-रिंगा एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर खोक्यात मिळाल्या. अडलं ते हेडापाशी. फार वर्षांपूर्वी घाटात रेडिएटर उकळला, तेव्हा क्लीनरने घाईत ओढ्याचं गार पाणी ओतलं होतं. तापलेल्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, ते सोसत नाही. तेव्हा वेल्डिंग करून वेळ भागवली गेली. आता हेड धुऊन बघितलं तर एक्झॉस्ट वॉल्व जिथे टेकतो त्या सीटपासून, डिझेल आधी पेटतं त्या प्री-चेंबरच्या भोकापर्यंत तडा, तोही एका नव्हे, चार सिलिंडरांवर. आमचा मिस्त्री म्हणाला, “आण्णा, ह्ये हेड न्हवं, रांगोळी हाय.” सहा सिलिंडरांना मिळून एकच सलग हेड असतं, त्यामुळे खराब तेवढा तुकडा बदलण्याचीही सोय नाही.

मग शोध सुरू झाला. कुर्ल्याची जुन्या स्पेअरची दुकानं पालथी घातली, बुधवारी आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार धरला, दिल्लीच्या मायापुरीत एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकरवी विचारलं. पहिलं हेड एका दुकानात मिळालं, चंदेरी रंग मारलेलं, चकचकीत. दुकानदार म्हणाला, टेस्ट करून ठेवलंय. पैसे मोजले, टेम्पोत घालून आणलं. घरी रंग खरवडला तर सीटांच्या मधल्या तड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरून घासलेली! मी, चाळीस वर्षं धातू हाताळलेला माणूस, रंगाला भुललो. बायकोने अजून पिच्छा सोडलेला नाही.

दुसऱ्या दुकानात ६९२ चं, म्हणजे टाटांच्याच दुसऱ्या एका इंजिनाचं, हेड पुढे केलं आणि “बसतंय की” असं छातीठोकपणे सांगितलं. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ चा बोअर, तसंच ६९७ म्हणजे सहा आणि ९७. पण खरी अडचण त्या दोन मिलिमीटरांची नाही. ६९२ हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत फवारलं जातं. माझ्या ३१२ मध्ये ते आधी हेडातल्या छोट्या खोलीत, प्री-चेंबरमध्ये पेटतं आणि तिथून खाली फुसांडत येतं. सकाळी गार इंजिनाला हीटर प्लग तापवून घ्यावे लागतात ते म्हणूनच. ते हेड लावायचं तर पिस्टन, नोझल, पंपाचं सेटिंग सगळं बदलायला हवं. मग वडिलांचं इंजिन उरलं कुठे? नको म्हणालो. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

तिसरं हेड शेवटी जिथे मिळालं ते ऐकून हसू येईल. आमचं कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, इथे हेडं आणि ब्लॉक ओतले जातात. शिरोलीत भाच्याबरोबर एका फाउंड्रीत गेलो होतो, वेगळ्याच कामाला. आवारात बिडाच्या भंगाराचा ढीग, भट्टीत जायच्या वाटेवर. त्यात तुटके ब्लॉक, ब्रेक ड्रम, पंपांची कवचं, आणि मधून डोकावणारं एक लांबलचक हेड. उलटं करून बघितलं, तर प्री-चेंबर जागच्या जागी! हातोडीने हलकेच ठोकलं तर घंटेसारखा आवाज आला. तडा असला की आवाज बद्द येतो. मालकाने भंगाराच्या भावावर किलोमागे दोन रुपये जास्त घेऊन दिलं, वर चहा पाजला.

पण आवाजावर हेड घेता येत नाही, हे पहिल्या हेडाने शिकवलंच होतं. पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटा लावून बंद केल्या, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आत हवेचा दाब देऊन अर्धा तास बघत बसलो. पाणी गरमच हवं, कारण बारीक तडा बीड तापल्यावर तोंड उघडतो, गार असताना मुकाट बसतो. बुडबुडा आला नाही. मग तळावर पट्टी धरली, मधोमध चार थाऊची, म्हणजे इंचाच्या चार हजारांश जाडीची, फीलर पत्ती सरकत होती, म्हणजे एक फेस मारून, तळ तासून सपाट करून, भागणार होतं. त्याआधी उंची मोजली. माझ्या जुन्या हेडापेक्षा हे पाऊण मिलिमीटर उंच निघालं. माझं इतके वेळा घासलं गेलं होतं! डिझेलमध्ये ही उंची फार महत्त्वाची. हेड जास्त घासलं की वॉल्व पिस्टनवर आपटायची भीती. वॉल्वच्या दांड्या ज्यांतून सरकतात ते गाइड सैल होते, ते नवे करून बसवले, सीटा कापल्या, वॉल्व पेस्ट लावून हाताने घासले. शेवटी चेंबरमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी बाराही वॉल्वखाली कोरडं होतं. आईच्या भाषेत सांगायचं तर, घागर पाझरली नाही.

आता मुद्द्यावर येतो. तशी हेडं दर आठवड्याला भट्टीत जात असणार. फाउंड्रीवाल्यांना का नावं ठेवू? त्यांना ते बीडच दिसतं. पण ट्रकमालक तरी ते का देतात? जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची वाहनं, नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. नियम चांगले आहेत. पण ते दुचाकी आणि खाजगी वापराच्या चारचाकींसाठी. माल वाहिलेला ट्रक त्यात कुठेच बसत नाही. त्याला दोनच वाटा उरतात, शेडात गंजणं किंवा वजनावर विकलं जाणं. संस्थानिकांच्या ब्यूकला वारसा म्हणायचं आणि गूळ वाहणाऱ्या गाडीला भंगार, हा हिशोब मला पटत नाही.

त्याच नियमांत वाहन मूळ रूपात हवं, मोठी फेरदुरुस्ती झालेली नको, असंही आहे. उद्या ट्रक त्यात घेतले तरी हे कलम आडवं येईल. राबलेल्या इंजिनाचा बोअर वाढलेला असतो, हेड घासलेलं असतं, क्वचित बदललेलंही असतं. माझं हेड दुसऱ्या कुठल्या तरी ३१२ चं, पण त्याच जातीचं, त्याच काळचं. याला मूळ म्हणायचं की नाही, हे कागदावर एका ओळीत स्पष्ट व्हायला हवं. परिवहन खात्याकडे हा विषय तुमच्यासारख्या वृत्तपत्रानेच लावून धरावा. आमच्या अर्जाला नुसती पोच मिळते.

शिरोली-उद्यमनगरातल्या मंडळींना माझी एवढीच विनंती, की ढिगात लांब, सहा सिलिंडरचं जुनं हेड दिसलं तर भट्टीत टाकण्याआधी त्यावरचा ओतीव नंबर फोनने टिपून ठेवा. आपल्या वर्तमानपत्रात त्यासाठी चार ओळींची जागा मिळाली तर बघा.

गाडी गेल्या महिन्यात चालू झाली. पहिल्या धुराने शेजारणीचं वाळवण काळं केलं, त्याबद्दल माफी मागून झाली. लांबी भरलेलं ते पहिलं हेड अजून परसात पडलंय. ते मात्र कुणीही न्यावं आणि खुशाल भट्टीत टाकावं.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर