मावशी, द्राक्षमळ्याच्या दृष्टांताबद्दल थँक्यू

प्रिय मावशी, सलाम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदलून दाखवा.

मत्तय 20 वरून, म्हणजे येशूने सांगितलेल्या त्या द्राक्षमळ्याच्या मालकाच्या गोष्टीवरून, बायबल स्टडीत मी केवढा तापलो होतो आठवतंय ना? संडे स्कूलपासून ऐकतोय, पहाटे आलेल्याला एक दीनार आणि संध्याकाळी पाचला येऊन तासभर राबलेल्यालाही एकच दीनार, आणि उपदेशात दरवेळी तेच, देवाची कृपा आहे बाबा, हिशोब मागू नका. अहो पण दिवसभर ऊन खाल्लेल्याचं काय? आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, मी असा रोज वाटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चिटपाखरू येणार नाही, सगळे पाचलाच उगवतील. सगळे हसले, तुम्ही नाही. तुम्ही एवढंच विचारलं, "नाक्यावर माणसं घ्यायला जातोस तेव्हा कोणाला सोडून येतोस रे?"

उत्तर तोंडपाठ होतं हो. थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या दिवसांत पिकअप नेतो, चटपटीत पोरं-बाया आधी बसवतो, आणि मागे राहतात ते एक आजोबा, पाय ओढत चालणारे, खांद्यावर टॉवेल, पिशवीत डबा. गाडीकडे एक पाऊल टाकतात आणि थांबतात. त्यांना मी कामचुकार समजत आलो. आणि दृष्टांतातले पाचवाले सांगतात काय, तर आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही! इतक्या वेळा वाचून ही ओळ नजरेतून सुटलेली.

मग तुम्ही एकेक उलगडत गेलात. दीनार म्हणजे दिवसाची मजुरी, तासाचे धरले तर त्याचा बारावा हिस्सा, त्यात घरी काय नेणार. कारभारी हाताशी असून मालक स्वतः पाच-पाच वेळा बाजारात जातो. आणि ह्या गोष्टीच्या जरा आधी येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार. इथे मी गप्प झालो. 15 वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये गातोय, आणि गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला कमिटीत घेतलं म्हणून तीन महिने तोंड पाडून बसलो होतो. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही विषय काढला नाही, त्याचे वेगळे आभार.

शेवटी मालक विचारतो ते मूळ ग्रीकमध्ये, मी चांगला म्हणून तुझा डोळा वाईट का, असं आहे म्हणालात, आपण डोळ्यात खुपतं म्हणतो ना, तेच. हे मात्र फिट बसलं डोक्यात.

आजोबांना यंदा काड्या बांधायला सुतळी कापून द्यायच्या कामावर घेतलंय. मजुरी पूर्ण दिवसाची. बायको त्यावरून दोनदा बोललीये.

पण एक अजून पटत नाही. त्या मालकाने शेवटच्यांना आधी पैसे का दिले? पहिल्यांना देऊन घरी पाठवलं असतं तर भांडणच झालं नसतं! रविवारी उपासनेनंतर येतो, चहा आधी घेतो, मग हे सांगा.

तुमचा,
बागवाला