घर फिरतंय? आधी कान तपासा

संपादक महोदय,
पहाटे कूस बदलताना आईला घर गरगरल्यासारखं झालं, पलंगाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली, आणि आम्ही आठवडाभर नुसते बीपी-शुगरमध्येच अडकलो. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी तिला मान वळवून झटकन आडवं केलं, डोळ्यांची थरथर बघितली, म्हणाले आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नळीत गेलेत. एपली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं आणि चक्कर थांबली. हे लोकांना माहीतच नसतं हो! पण बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले तर स्ट्रोक असू शकतो, लगेच हॉस्पिटल गाठा. आता रात्री ती उठायच्या आधी मी लाईट लावतो, ती जरा कडेला बसते, मग माझा हात धरते.
– एक वाचक