पिझ्झा खाल्ला, मॅगी खाल्ली, सँडविच खाल्लं : हे शिकवलं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना संपत आला की इकडे ठाण्यात वह्यापुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच सुमाराला आमच्यासारखे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे जे थोडेफार पालक घोडबंदर रोडला, ऐरोलीला, वाशी-नेरुळला आहेत ते एकमेकांना भेटले की एकच विचारतात, यंदा ग्रामरला काय घेतलंस? मुलं सहा-सात वर्षांची असतात हो. गणिताचं कोणी एवढ्या घाईने विचारत नाही, ग्रामरचं मात्र सगळ्यांना टेन्शन, जणू नाम-सर्वनाम राहिलं तर मूल मुकं राहणार आहे. या विषयावर मराठीत फार काही छापून आलेलं दिसत नाही म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय, काटछाट करायची ती करा.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का आणि परीक्षेचं काय, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते नाहीतर वाचक तिथेच अडकतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचं असं वेगळं कलम नाही. पुढे परीक्षा द्यायची तर एनआयओएसमध्ये (केंद्राच्या मुक्त विद्यालयात) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तर आहेत, आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी आणि आठवी आहे. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाने व्याकरणाचा पेपर लिहून कोणाला दाखवायची गरजच पडत नाही. हा विषय इथे संपला.

आता करिक्युलम. आपल्याकडे 'जेंटल', म्हणजे मुलावर ताण न टाकता हळुवार शिकवणारं, म्हणून जे मागवलं जातं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिथे १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं आणि त्या पालकांसाठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ उभी राहिली, त्यात चांगली पुस्तकं खरंच आहेत. धडे लहान, गोष्टीतला छोटासा उतारा, त्यातलं एक वाक्य मुलाने उतरवायचं, चित्र बघून बोलायचं, कविता पाठ करायची, रागावणं-बिगावणं काही नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरी अशा पुस्तकांचा खोका आलाय, मी तो दोन-तीन दुपारी बसून चाळला. कागद सुंदर, चित्रं सुंदर. पण वाक्यांत बर्फ, रॉबिन पक्षी, गेटावरची टपालपेटी, आणि उतरवायला बायबलमधली वचनं (तिकडचे बरेचसे घरशाळावाले धार्मिक आहेत, त्यामुळे हे घेण्याआधी बघून घ्यावं, कोणाला चालतं कोणाला नाही). बर्फाचं एकवेळ सोडून देऊ, आपल्याकडेही मुलांनी न बघितलेले राजे-राक्षस गोष्टीत असतातच. माझी हरकत दुसरीच आहे.

ते पुस्तक ज्या मुलासाठी लिहिलंय त्याच्या कानावर जन्मल्यापासून दिवसभर इंग्रजीच पडतं. त्याला 'हे बघ, हा नाउन' असं सांगितलं की पुस्तक फक्त त्याच्याकडे आधीच असलेल्या गोष्टीला नाव देतं, म्हणून ते त्याला सोपं जातं, हळुवार वाटतं. आमच्या मानपाड्याच्या मुलाचं तसं नाही. त्याच्या कानावर इंग्रजी पडतं ते कार्टूनमधून, लिफ्टमधल्या काकूंकडून आणि आईबाबांच्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांतून. तो 'डिड ही वेंट' म्हणतो, 'आय सॉ डॉग' म्हणतो. मराठीत 'अ' आणि 'द' हा प्रकारच नाही तर त्याला ते चुकल्यासारखं वाटणार तरी कसं? अशा मुलापुढे तेच गोड पुस्तक ठेवलं की ते गोड राहत नाही, प्रत्येक वाक्य नियम आठवून लिहावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, जी भाषा कानात मुरलीय तिचंच व्याकरण लहानपणी घ्यावं, बाकीच्या भाषेला वेळ द्यावा.

आणि आपल्या मुलांच्या कानात मराठी केवढी मुरलेली असते ते बघाच. आमचा धाकटा सहाचा आहे. तो 'मी भात खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी थालीपीठ खाल्लं' म्हणतो, यात कधीच चुकत नाही. खाणारा मुलगा आहे की मुलगी यावर क्रियापद ठरत नाहीये, काय खाल्लं त्यावर ठरतंय, हा कर्मणी प्रयोग, जो पुढे हायस्कूलची मुलं मार्कांसाठी घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आता गंमत बघा, हाच मुलगा 'मी डबा विसरलो' म्हणतो, 'मी डबा विसरला' म्हणत नाही! म्हणजे अपवादसुद्धा पाठ. कोणी शिकवला?

मोठी नऊची झाल्यावर आम्ही यावरून एक खेळ सुरू केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला तीन रकाने आखले, खाल्ला, खाल्ली, खाल्लं, आणि दिवसभरात जे तोंडात गेलं ते त्या त्या रकान्यात लिहायचं. भात, पोळी, वरण झालं. मग पिझ्झा खाल्ला, मॅगी खाल्ली, सँडविच खाल्लं. बर्गर खाल्ला, इडली खाल्ली, आइस्क्रीम खाल्लं. तिने मध्येच पेन्सिल खाली ठेवून विचारलं की आई, मॅगी तर बाहेरची आहे ना, मग ती मुलगी आहे हे कोणी ठरवलं? मग खिडकीतून खाली बघत बघत बस आली, रिक्षा आली, टेम्पो आला, विमान आलं. पेनवरून तर घरात भांडण झालं, आजी 'तो पेन' म्हणते आणि बाबा 'ते पेन' म्हणतात, दोघंही ऐकेनात. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे शब्द मी तिला त्यानंतर सांगितले, पाच मिनिटांत झालं. सहाव्या वर्षी हेच वर्कशीटवर घेतलं असतं तर कंटाळ्याने रडारड झाली असती, धाकट्याच्या बाबतीत तर शंकाच नाही.

म्हणून धाकट्याला व्याकरण म्हणून काहीच नाही. त्याला गोष्ट वाचून दाखवायची आणि त्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, बस. ही पद्धत शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंची, १८४२ चा जन्म, १९२३ मध्ये वारल्या, आणि आजच्या बहुतेक हळुवार पुस्तकांचं मूळ त्यांच्याकडेच आहे. सहाच्या आधी असं परत सांगायला लावू नका आणि लहान मुलांचे धडे वीस मिनिटांच्या वर नेऊ नका असं त्यांचं म्हणणं. ऐकायला काहीच नाही वाटत पण करून बघा. परवा ससा-कासवाची गोष्ट सांगताना हा म्हणाला, 'मग ससाने बघितलं की कासव पुढे गेलं.' मी 'ससाने' नाही 'सशाने' असं म्हटलं नाही, नुसतं विचारलं, 'अरे बापरे, सशाने बघितलं? मग सशाला काय वाटलं?' तो म्हणाला, 'सशाला रडू आलं.' सामान्यरूपाचा (प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्याचा, ससा-सशा) धडा झाला आणि गोष्ट कुठे अडली नाही. मध्येच थांबवून दुरुस्त केलं असतं तर त्याने पुढची गोष्टच सांगितली नसती, मुलांचा तोंडचा धागा फार पटकन तुटतो.

लिहायचं म्हणाल तर आपल्या पिढीला रोज एक पान शुद्धलेखन असायचं, निम्म्या पानानंतर डोळे वहीवर आणि डोकं खाली मैदानात. आम्ही दुरेघी वहीत दोनच ओळी उतरवायला देतो पण त्या बिनचूक आणि बघायला बऱ्या. मोठीला त्याच्या जोडीने श्रुतलेखन, तेही अचानक नाही. उतारा आदल्या दिवशी तिच्याकडे देते, तिने अवघड शब्द शोधून डोळ्यांत साठवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी सांगते. यात ऱ्हस्व-दीर्घ आपोआप येतात असं म्हणणं खोटं होईल, आपोआप नाही येत. मराठी लेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ला वाढवलेले चार, असे अठरा आहेत, ते मुलाला पाठ करायला लावायची सोय नाही. पण एकेक नियम पुरेसे शब्द जमले की दाखवता येतो. मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, बहीण पण बहिणीला, जमीन पण जमिनीवर. अशी आठ-दहा जोडपी वहीत आली की मुलगी स्वतःच म्हणते, 'पुढे काहीतरी लागलं की ते छोटं होतं.' नियम हाच की. मग महिन्याभराने 'गुण' आणि 'गुणाला' सापडतं आणि ती विचारते की हे आधीपासूनच छोटं कसं, तेव्हा संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात हे सांगायला चांगलं निमित्त मिळतं.

साहित्य कुठून आणायचं हा प्रश्न मराठीत तसा स्वस्तात सुटतो. बालभारतीची पुस्तकं वेबसाइटवर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंकही तिथेच वाचायला मिळतात, श्रुतलेखनाचे उतारे वर्षानुवर्षं पुरतील. ठाण्यात तर १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. बालभारतीचं पुस्तक घेतलं तरी खालचा स्वाध्याय प्रत्येक वेळी सोडवलाच पाहिजे असं नाही, मी निम्म्याहून जास्त तोंडीच घेते.

इंग्रजीचं काय, हे नातेवाईक विचारतातच. इंग्रजीत दोन-तीन वर्षं भरपूर वाचून दाखवायचं, अक्षरांचे आवाज शिकवायचे, कविता म्हणायच्या, आणि 'डिड ही वेंट' आलं की सशासारखंच उत्तरात बरोबर वाक्य परत द्यायचं. ग्रामरचं पुस्तक नऊ-दहाला. तेव्हा मुलाला मराठीतलं नाम-क्रियापद माहीत झालेलं असतं, मग नाउन-व्हर्ब वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त ओळख करून द्यावी लागते. ज्या घरात खरोखरच दिवसभर इंग्रजी बोलतात (ठाण्यात अशी मराठी घरं आता कमी नाहीत) त्यांनी खुशाल तो खोका मागवावा, त्यांच्या मुलाला तो सोपा जाईल. तिथे मराठीच्या बाबतीत मात्र दमाने घ्यावं लागेल, उलटा हिशोब.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं कोणी म्हटलं की मला जरा राग येतो. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणात काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि पुढे कोसबाडला त्यांचं काम वाढलं. आज तो भाग पालघरमध्ये येतो पण २०१४ पर्यंत तो आपलाच ठाणे जिल्हा. शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी अंगणात बालवाडी, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, आणि भाषा म्हणजे गाणी, गोष्टी, गप्पा, आजूबाजूची पानं-बिया हातात घेऊन. आणि आम्ही त्याच जिल्ह्यात बसून डॉलरचा भाव बघत गोष्टींची पुस्तकं मागवतो!

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर एवढं रान पेटलं, जीआर निघाले, जूनअखेर मागे घेतले गेले. त्या सगळ्या गदारोळात सहा वर्षांच्या मुलाला भाषा शिकवायची कशी हे कोणी बोललं असेल तर माझ्या वाचनात आलं नाही, सगळी भांडणं किती भाषा यावरच.

ज्यांना पुस्तक विकत घ्यायचंच आहे त्यांनी पहिलं पान बघू नये, पहिलं पान सगळ्यांचंच छान असतं. मधलं कुठलंही उघडा. गाळलेल्या जागा जास्त दिसल्या, नामाला लाल आणि क्रियापदाला हिरवा रंग द्या असं दिसलं तर सातच्या आतल्या मुलासाठी ठेवून द्या. उतारा चांगला आहे का, मोठ्याने वाचताना तुम्हाला स्वतःला मजा येते का, आणि धडा पंधरा मिनिटांत उरकतो का एवढं बघा. ज्या मुलाला बोलायलाच नको असतं त्याला चित्र काढू द्या, मग चित्रातलं सांग म्हणा, हळूहळू बोलतं.

शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे. तुमच्या मुलांच्या पुरवणीत शब्दकोडी आणि रंगवायची चित्रं असतात, ती असू देत. पण दर आठवड्याला एका कोपऱ्यात चांगल्या मराठीतला दहा-बारा ओळींचा उतारा मोठ्या टायपात छापाल का? पावसाचा, खाडीवरच्या रोहित पक्ष्यांचा, येऊरच्या जंगलाचा, कशाचाही. ओळींमध्ये जागा मोकळी, आणि खाली प्रश्न, शब्दार्थ, तात्पर्य असलं काहीही नको.

आपली,
एक पालक, मानपाडा, ठाणे (प.)