तांबट आळीच्या मागून, आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा नुसतं ‘हं’ म्हणून फोन तुझ्याकडे देतात आणि तू पाण्याचं, पार्किंगचं विचारत बसतेस. म्हणून लिहितेय. घर घेतलं. कसब्यातच, तांबट आळीच्या मागच्या बाजूला. नोंदणी झाली, पुढच्या महिन्यात सामान हलवतोय.

बाबा, वाड्यातून तुम्ही आम्हाला कसं बाहेर काढलंत ते मी विसरलेले नाही. सामाईक नळ, आजीचं आजारपण, काकांशी झालेलं ते सगळं. पिंपरीला मला खिडकीपाशी स्वतःचं टेबल मिळालं आणि त्याच टेबलावर मी शिकले. तुम्ही सोडून आलात तिथेच मी परत चाललेय, म्हणजे तुमचे कष्ट फुकट गेले असं कृपा करून मनात आणू नका. तुम्ही इतकं दिलंत म्हणून मला आज पाहिजे तिथे राहता येतंय.

सोसायटीतल्या घराला नावं ठेवायला जागा नाही. बाग आहे, शांतता आहे. पण दारं सगळी बंद. चिन्याला वाटतं वस्तू खोक्यातूनच येतात. इकडे आळीत शिरायच्या आधीच ठोके कानावर येतात. परवा आम्ही एका दुकानाशी उभे राहिलो. आडव्या लोखंडी दांड्यावर घागर चढवलेली, आणि हातोडीचं तोंड घासून घासून चकचकीत केलेलं. एक ठोका, घागर जराशी फिरवायची, पुढचा ठोका आधीच्याला जेमतेम चिकटून. आखलेली रेघ नाही, मोजमाप नाही, तरी ठिपक्यांची ओळ फिरत फिरत निघाली तिथेच बरोबर येऊन मिळाली. असं ठोकून मठारलं की पत्रा कडक होतो, भांड्याला लवकर पोचा येत नाही, असं तांबटकाकांनी हात न थांबवता सांगितलं. चिन्या तिथून हलायला तयार नव्हता.

आई, तुझ्या देवघरातल्या घागरीवर हेच ठिपके आहेत. तू पूजा करताना मी शेजारी बसून त्यांवरून बोट फिरवायचे आणि तू म्हणायचीस, ‘हात नको लावू गं, डाग पडतात.’ तरी घागर माझ्या बाजूला सरकवायचीस. त्या ओळी कोणीतरी असं बसून एकेक करून उठवल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं. ती घागर मोडीत देऊ नकोस. मला हवी आहे.

आणि मंडई! बाबा, बोट धरून तुम्हीच मला ती दाखवलीत. आठ बाजूंचा मधला भाग, वर मनोरा, आणि ‘1886 ची आहे, बरं का’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. ज्या फुल्यांनी नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव तिला मिळालं, हेही तुम्हीच सांगायचात. सकाळी तिथे कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या रचून होत असतात, हमाल ‘बाजू, बाजू’ करत पाठीवर पोतं घेऊन जातात, आणि त्या गर्दीत कोणी कोणाला धडकत नाही. मी तर बघत उभी राहते. पुढे बुरुड आळीत बांबूच्या कामट्या निघताना होणारा तो चर्र आवाज, तुळशीबागेत बाहेर एवढा गोंगाट असताना रामाच्या सभामंडपात जपमाळ घेऊन बसलेल्या बायका. मला यात राहायचंय. इथे एकटं वाटत नाही.

आता तुमच्या शंका. पाणी येतं, वर टाकी आहे. लिफ्ट आहे, मी दोनदा खाली-वर करून पाहिली. पुराचं म्हणशील, तर 1961 ला पानशेत फुटलं म्हणून पेठांत पाणी शिरलं, आणि आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. तांबटांचे ठोके दिवसाचे. रात्री आळी झोपते. तुमची खोली आतल्या बाजूची, सकाळचं ऊन येणारी. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, पलंग उंच सांगितलाय, गुडघ्यांना त्रास नको. बाबांची आरामखुर्ची खिडकीशी मावते, टेपने मोजली.

गणपतीत आवाज फार होतो, हे मात्र लपवत नाही. बाबांच्या छातीला तो सोसणार नाही. विसर्जनाच्या सकाळी मंडईतून कसब्याचा गणपती निघताना पाहायचा (मला खांद्यावर घेऊन उभे राहायचात तसं आता चिन्याला त्याचा बाबा घेईल) आणि लगेच आपण सगळे पिंपरीला. ढोल-ताशे टीव्हीवर बघू.

एरवी यायला मेट्रो आहे. पिंपरीला बसायचं, थेट कसबा पेठ, मध्ये बदलायची नाही. सरकत्या जिन्याने येऊ नका, लिफ्टनेच या. आई, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही, हे फ्रीजवर लिहून ठेव. बाबांनी माळ्यावरचं काहीही स्टुलावर चढून काढायचं नाही, ट्रंक तर नाहीच. मी येऊन काढेन. ईसीजी या आठवड्यात करा, ‘बघू’ नको.

बाबा, रागावला असाल तर रागावा, पण बोला. मी रविवारी येतेय, गाडी घेऊनच. आधी घर बघू, मग मंडईत जाऊ. तुम्ही म्हणाल तिथे थांबू, म्हणाल तेव्हा परत फिरू. काठी आठवणीने घ्या. गेल्या वेळी दाराशीच राहिली होती.

तुमची,
मनू