आर्यन गेलं, प्रभात राहिलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, पेठांमध्ये उरलेल्या एकपडदा थिएटरांत आता कुणी जात नाही, त्या जागा घेऊन वाहनतळ केले तर गावाचा श्वास मोकळा होईल. त्यांचा त्रास मला कळतो. मी नारायण पेठेत राहतो. दिवाळीआधीचे पंधरा दिवस लक्ष्मी रोड ओलांडताना जीव कसा मुठीत धरावा लागतो, ते मी दरवर्षी अनुभवतो. पण त्यांनी सुचवलेला उपाय पुण्यात आधीच करून झाला आहे, तोही दोनदा. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मंडईत जायचं असलं की आपण म्हणतो, ‘गाडी आर्यनला लाव’, नाहीतर ‘मिनर्व्हाला लाव’. ही थिएटरांची नावं आहेत, हे माझ्या नातवाला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. गंगाधरपंत पाठकांनी ते १९१५ साली सुरू केलं. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट, सगळं त्या एका वास्तूने पाहिलं. इमारत उभी होती ती मात्र नगरपालिकेच्या जागेवर, भाडेपट्ट्याने. मुदत संपली आणि १९८३ साली आर्यन बंद झालं. मी तेव्हा तिशीचा होतो. पाडकाम चालू असताना मी तिथे जाऊन उभा राहिलो होतो. पडद्यामागची भिंत आधी पडली आणि जिथे इतकी वर्षं अंधार होता तिथे भर दुपारचं ऊन शिरलं. मला ते बघवलं नाही, मी मागे न बघता घरी आलो. आता तिथे वाहनतळ आहे, मिनर्व्हाच्या जागीही आहे. शनिवारी संध्याकाळी मंडईत गाडी लावायला जागा तरीही मिळत नाही, हे पत्रलेखकांनाही ठाऊक असेल.

मी छत्तीस वर्षं सिनेमा ऑपरेटर होतो. १९७४ साली हेल्पर म्हणून लागलो तेव्हा आमच्या केबिनमध्ये कार्बनवर चालणारी दोन मशिनं होती. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यात ठिणगी पाडायची आणि त्या जळून आखूड होतील तशा एकमेकींजवळ सरकवत राहायचं. फट जरा वाढली की पडद्यावरचा उजेड मलूल व्हायचा आणि खालून पहिली शिट्टी यायची. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, दुसऱ्या ठिपक्याला या मशिनचा उजेड बंद करून त्या मशिनचा सोडायचा. प्रेक्षकाला सांधा कळला नाही, तर काम नीट झालं. कधी दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट असायची. मग आमचं रीळ संपलं की पोरगा ते सायकलला लावून डेक्कनकडे पळायचा आणि तिकडचं घेऊन यायचा. एकदा जुलैच्या पावसात तो लकडी पुलावर अडकला. सातशे माणसं काळ्या पडद्यासमोर बावीस मिनिटं बसली होती, एकही उठून गेलं नाही. पोरगा भिजलेला वर आला तेव्हा रिळाचा डबा त्याने स्वतःच्या शर्टात गुंडाळलेला होता.

आमचं थिएटर २०१० साली बंद झालं. नाव लिहीत नाही. मालक आता हयात नाहीत, त्यांच्या मुलांना उगाच वाईट वाटायला नको.

प्रेक्षक येईनात म्हणून ते बंद पडलं, असं सगळे म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते वेगळं होतं. जागा मालकांची नव्हती. भाडेपट्टा संपत आला होता, वाढवून मिळेल असं तोंडी सांगितलं जात होतं, पण कागद हातात येत नव्हता. २००३ च्या पावसाळ्यात बाल्कनीवरचे पत्रे गळायला लागले. मालक वर आले, छत्री मिटून भिंतीला टेकवली, खुर्चीच्या ओल्या गादीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, “पत्रे उद्या बदलतो रे, पण ते मी कुणासाठी बदलतोय ते आधी कळू दे.” पत्रे बदलले नाहीत, ताडपत्री आली. दुसऱ्या वर्षी बाल्कनीच्या मागच्या चार रांगांना दोरी बांधली. पुढे रिळांच्या जागी उपग्रहावरून सिनेमा उतरवून घ्यायची यंत्रं आली. त्यांचा खर्च करायला मालकांचा हात उचलेना, कारण कागद अजून नव्हताच. मग वितरक नवीन चित्रपट देईनात, आमच्या वाट्याला जुने, डब केलेले यायला लागले. बायकांच्या बाथरूमची कडी तुटली ती तुटलीच राहिली. बायका यायच्या बंद झाल्या की थिएटर संपलं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. बायकांबरोबर मुलं येतात, मुलांबरोबर आजी येते. शेवटी उरतात ते दुपारी झोपायला येणारे. आणि मग रस्त्यावरून जाणारा माणूस म्हणतो, काय ही अवकळा, पाडून टाका एकदाचं.

त्या थिएटराला एक कागद वेळेवर मिळाला असता तर काय झालं असतं, याचा मी गेली कित्येक वर्षं विचार करतोय. ज्या घरातून उद्या निघायला सांगतील त्या घराला कुणी रंग देत नाही. थिएटरचंही तेच आहे.

उलट उदाहरण चार पावलांवर आहे. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात २१ सप्टेंबर १९३४ रोजी सुरू झालं. वास्तू इंदूरच्या सरदार किबे यांची, चालवायला घेतली प्रभात फिल्म कंपनीने, आणि पुढे दामले कुटुंबीयांनी ती सांभाळली. ऐंशी वर्षं ते नाव मराठी चित्रपटाशी जोडलेलं राहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये करार संपला आणि वास्तू किबे यांच्याकडे परत गेली. आम्हा जुन्या मंडळींना वाटलं, हेही आर्यनच्या वाटेने जाणार. मोक्याची जागा, खाली पुस्तकांचा बाजार, वर काय वाटेल ते बांधता आलं असतं. पण मालकांनी थिएटर ठेवलं. पाटी बदलून ‘किबे लक्ष्मी’ झाली, पडदा राहिला. मी अजून प्रभातच म्हणतो, रिक्षावालेही म्हणतात. करार तिथेही संपला होता आणि आर्यनचाही संपला होता. एका ठिकाणी जागेच्या धन्याला पडदा हवा होता, दुसऱ्या ठिकाणी नको होता. एवढाच फरक.

मल्टिप्लेक्सशी माझं भांडण नाही. माझा मुलगा तिथेच जातो. मल्टिप्लेक्स आली तेव्हा सरकारने त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सवलत दिली, ती जुन्या थिएटरांना तेव्हाच मिळायला हवी होती, एवढं मात्र म्हणेन. आता निदान सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. शंभर रुपयांच्या आत तिकीट ठेवणारी थिएटरं मुख्यतः हीच. पण कर कमी झाला म्हणून वीजबिल कमी होत नाही. वीस माणसांना खेळ दाखवा की सातशेंना, दिवा तेवढाच जळतो. त्यात मार्च २०२० पासूनचे ते बंदीचे महिने, मग निम्म्या खुर्च्या, मग पुन्हा बंदी. ज्यांच्याकडे एकच पडदा होता त्यांना ते सगळ्यात जड गेलं.

माझं म्हणणं महापालिकेला आणि जागांच्या धन्यांना आहे, मग ते धनी सरकारी असोत, विश्वस्त असोत की खासगी. जिथे थिएटर अजून चालू आहे तिथे पडदा चालू ठेवण्याच्या अटीवर लांब मुदतीचा, लेखी, नोंदणीकृत करार करा. मुदत संपायच्या दोन वर्षं आधी बोलणी सुरू करा, शेवटच्या महिन्यात नव्हे. अट मोडली तर जागा परत घ्या. मिळकतकरात सवलत द्यायचीच असेल तर ती तिकीट शंभराच्या आत ठेवणाऱ्याला द्या. आणि वितरकांना हात जोडून सांगणं, नवीन मराठी चित्रपट लागला की त्याला तीनचा आणि सहाचा खेळ द्या. सकाळी साडेनऊला लावून ‘कुणी आलं नाही’ म्हणू नका. साडेनऊला पेठेतल्या बाईच्या घरात कुकरची शिट्टी व्हायची असते.

परवाच्या मंगळवारी मी प्रभातला तीनच्या खेळाला गेलो होतो. सवयीने आधी माणसं मोजली, एकतीस होती. माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या, मांडीवर तुळशीबागेतली पिशवी, पिशवीत नव्या पितळी निरांजनाचा जोड. डोअरकीपरने न सांगता त्यांना वाटेच्या कडेची खुर्ची दिली, कारण त्यांचा डावा गुडघा वाकत नाही हे त्याला माहीत होतं. मध्यंतरात मी त्यांना विचारलं, कुठून आलात? “इथूनच, शनिवार पेठेतून. चालत येता येतं तोवर येते.” मॉलच्या सरकत्या जिन्याची त्यांना भीती वाटते. हे थिएटर बंद झालं तर त्यांचा सिनेमा बंद होईल.

वाहनतळ मागणाऱ्या त्या वाचकांना माझी मनापासून विनंती आहे. येत्या मंगळवारी तीनच्या खेळाला प्रभातला या. गाडी आणू नका, शनिवारवाड्यापर्यंत बसने या, तिथून पाच मिनिटं लागतात. मी पावणेतीनला तिकीट खिडकीपाशी उभा असेन, पांढरी टोपी, हातात काळी छत्री. तिकीट मी काढतो.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
नारायण पेठ, पुणे