तवंदी घाटातील अनोळखी मदतनीसांचे आभार

निपाणीहून बेळगावकडे भाजीपाला नेत असताना तवंदी घाटाच्या चढावर आमच्या पेट्रोल-सीएनजी छोट्या ट्रकची ताकद अचानक गेली आणि इंजिनाचा दिवा पेटला. त्या वेळी न बोलावता थांबलेल्या आणि नाव न सांगताच निघून गेलेल्या तिघांचे मी जाहीर आभार मानतो.

त्यांच्यातील कन्नडमिश्रित मराठी बोलणाऱ्या तरुणाने स्कॅनर जोडला, तेव्हा पी००११ हा कोड, म्हणजे कॅमशाफ्टचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) टायमिंग प्रमाणाबाहेर पुढे गेल्याचा इशारा, मिळाला. याच तक्रारीसाठी पूर्वी एका गॅरेजने टायमिंग चेन आणि फेजर (कॅमशाफ्टचे टायमिंग पुढे-मागे करणारा भाग) दोन्ही बदलायला सांगितले होते. वयस्कर मिस्त्रींनी मात्र सर्वांत आधी ऑइलची कांडी बाहेर काढली. फेजर ऑइलच्या दाबावरच फिरतो, त्यामुळे ऑइल कमी, काळे किंवा चुकीच्या ग्रेडचे असल्यास सुटे भाग निर्दोष असूनही हाच कोड येऊ शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. (ऑइल बदलण्यास मी किती उशीर केला होता, ते न लिहिलेलेच बरे.) मग त्यांनी फेजरकडे जाणारे ऑइल नियंत्रित करणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढला, मीटरवर कॉइल ठीक होती, पण बॅटरीचा प्रवाह देऊनही आतला स्पूल (सरकता दट्ट्या) हलेना आणि जाळीवर गाळ साचला होता. व्हॉल्व्ह त्यांनी तेथेच साफ केला. तिसऱ्या गृहस्थांनी आमची निम्मी पोती भाडे न घेता आपल्या टेम्पोतून बाजारात पोहोचवली.

बेळगावला ऑइल व फिल्टर बदलल्यापासून कोड परत आलेला नाही. मिस्त्रींचा १०-११चा पाना माझ्या केबिनमध्ये राहिला आहे. तो घेण्यासाठी तरी त्यांनी भेटावे, ही विनंती.