पोपटी गच्चीवर नको, शेतात लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीपासून प्रजासत्ताक दिनापर्यंत नवी मुंबईतल्या अनेक घरांत एकच बेत शिजत असतो: भाऊबंद, लेकी-जावई, आतेमामे भावंडे, पोरंटोरं सगळी एका संध्याकाळी जमवायची आणि पोपटी लावायची. म्हणजे मडक्यात रानपाला घालून वालाच्या शेंगा, कंद, अंडी, कोंबडी भरायची, मडके मातीत उपडे घालायचे आणि भोवती जाळ करून सगळे आतल्या आत शिजवायचे. बेत झकास आहे. पण अलीकडे ही पोपटी शेत सोडून सोसायटीच्या गच्चीवर, पार्किंगमागच्या मोकळ्या पट्ट्यात नि उद्यानाच्या भिंतीलगत येऊन बसली आहे. त्यात पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून जी कृती फिरते तिच्यात निम्म्या गोष्टी गाळलेल्या असतात. मग माथ्यावरच्या शेंगांचा कोळसा होतो, तोंडाजवळची कोंबडी कच्ची राहते आणि वरच्या मजल्यावरचे दमेकरी खोकून बेजार होतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट हंगामाची. भातकापणी उरकली की पनवेल, उरण, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर सरता सरता शेंगा भरू लागतात आणि फेब्रुवारीत वाळायला लागतात. याच दिवसांत मळणी होऊन पेंढा हाताशी आलेला असतो, मडक्यात घालायचा बांधावरचा रानपाला, म्हणजे भांबुर्डा, अजून हिरवा असतो आणि जाळाशेजारी बसावेसे वाटेल एवढी थंडी असते. हे सगळे एकाच शेतात, एकाच महिन्यात मिळते म्हणून तर पोपटी आहे. गुजरातेत वलसाडकडे होणारे उंबाडियूही याच कुळातले, तेही थंडीतलेच. एप्रिलमध्ये फार्महाऊसवर ‘पोपटी नाइट’ ठेवणाऱ्यांनी मडक्यात काय भरले ते त्यांचे त्यांना माहीत!

शेंग गावठी वालाचीच हवी. बाजारात भाजीची कोवळी पापडी तिच्याशेजारीच असते आणि नवखा माणूस तीच उचलतो. पापडी सालीसकट खायची असते, तिच्यात दाणा नसतो, मडक्यात तिचा लगदा होतो. पोपटीची शेंग दाबून घ्यावी. बोटाला दाणे टचटचीत लागले पाहिजेत, पण साल हिरवी आणि ओलसर हवी. साल पिवळट, कागदासारखी झाली असेल तर आतला दाणा जून झाला आहे. सालीत ओल नसल्याने तो वाफेवर शिजत नाही, नुसता करपतो. पोपटीत पाण्याचा थेंब घालायचा नसतो. शेंगांची, पाल्याची नि कंदांची ओल हेच काय ते पाणी. त्यामुळे शेंगा त्याच सकाळी तोडलेल्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर आदल्या संध्याकाळच्या. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवलेल्या शेंगांवर जाळ वाया घालवू नये.

पंधरा माणसांना पाच किलो शेंगा पुरतात, कारण निम्मे वजन सालीत जाते. पण म्हणून एक अवाढव्य मडके आणू नये. मोठ्या मडक्यात कडेचे करपते आणि मधले कच्चे राहते. बारा-पंधरा लिटर पाणी मावेल अशी दोन मडकी घ्यावीत, अरुंद तोंडाची. एकात शाकाहारी, दुसऱ्यात कोंबडी आणि अंडी. एकाच मडक्यात ‘खाली कोंबडी, वर शेंगा’ असा थर लावून शाकाहारी मंडळींची समजूत घालू नका. मडके उलटे होते, रस सगळ्यांतून झिरपत तोंडाकडे येतो. मार्गशीर्षात निम्म्या घरांत मांसाहार बंद असतो, तेव्हा हा प्रश्न आयत्या वेळी निघतोच.

शहरात मिळणारे नळ बसवलेले किंवा रंग दिलेले मडके चालत नाही. नळाच्या भोकातून वाफ जाते आणि रंग जाळात जळून त्याचा वास आत उतरतो. मडक्यावर बोटाने टिचकी मारावी, खणखणीत वाजले तर घ्यावे. बद्द आवाज आला म्हणजे कुठेतरी तडा आहे. पाण्याचे जुने मडके वापरायचे असेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावे, ओलसर मडके जाळात तडकते. काहीजण तेलाचा पत्र्याचा डबा वापरतात. पत्रा क्षणात तापतो आणि त्याला चिकटलेली प्रत्येक शेंग काळी होते. मातीचे मडके सावकाश तापते आणि तापल्यावर ऊब धरून ठेवते, ते काम पत्र्याला जमत नाही.

आता पाला. भांबुर्डा पावसाळ्यानंतर बांधांवर आणि पडीक जागेत उगवतो. पान मऊ, लवदार, फूल पिवळे. चुरगाळले की ओव्याच्या जवळचा उग्र वास येतो. पोपटीला जो वास येतो तो याचाच, मसाल्याचा नव्हे. नवी मुंबईत रस्त्याकडेला, नाल्याकाठी त्याच्यासारखे दिसणारे बरेच तण असते, गाजरगवत आणि रानमोडी तर सर्वत्र. ही दोन्ही अंगाला लावायच्या लायकीची नाहीत, तिथे अन्नात कुठे घालता? ओळख पक्की नसेल तर शेतकऱ्याकडूनच पाला मागून घ्यावा. तोही न मिळाल्यास केळीची पाने आणि ओवा जास्त घालून भागवावे; चव थोडी उणी येईल, पोट तरी बिघडणार नाही. पाला धुऊन झटकून, पाणी निथळू द्यावे. मडकेभर ओला चिंब पाला कोंबला तर शेंगा फिक्या, पाणचट होतात.

भरण्याचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि कृती छापणारे नेमका तोच दोन ओळींत उरकतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की भरताना जे तळाशी जाते ते जळताना माथ्यावर असते. जाळ बाजूंनी आणि वरून लागतो, तोंड मातीत असते. म्हणजे मडक्याचा तळ आणि पोट सर्वाधिक तापते, तोंडाकडचा भाग सर्वांत थंड. म्हणून तळाला आणि कडेने पाल्याचा चांगला चार बोटे जाड थर हवा, नाहीतर पहिला घास करपटच. अडीच किलो शेंगांना मूठभर जाडे मीठ आणि दोन चमचे ओवा आधीच परातीत चोळून घ्यावा. मीठ जास्त वाटेल, पण त्यातले बरेचसे सालीवरच राहते. बारीक मीठ घालू नये, ते ओलीबरोबर वाहून तोंडाशी साचते.

पाल्यावर शेंगांचा एक थर, मग कंद. लिंबाएवढे बटाटे एक किलो, रताळी अर्धा किलो, कोनफळ अर्धा किलो. बटाट्यांना चिरा देऊन हिरवी मिरची, आले, लसूण, कोथिंबिरीचे वाटण भरावे. कोनफळ सोलताना हाताला खाज येते, आधी तेल लावावे. कंदांना शिजायला वेळ लागतो, म्हणून ते मडक्याच्या तळाकडच्या अर्ध्या भागात, पण भिंतीला न टेकता. त्यांच्यावर पुन्हा शेंगा आणि तोंडाकडे फक्त शेंगा.

दुसऱ्या मडक्यात दीड किलो कोंबडी. तुकडे लहान हवेत. लॉलीपॉप नि अख्ख्या तंगड्या हौसेने घालतात आणि हाडापाशी लाल निघाल्या की एकमेकांकडे बघत बसतात. तेच वाटण, हळद, मीठ, लिंबू लावून दोन तास मुरवावी, केळीच्या पानात चार-पाच लहान पुड्या बांधाव्यात आणि मडक्याच्या मध्यभागी, तळाच्या बाजूला ठेवाव्यात. तोंडाजवळ एकही पुडी नको. अंडी दहा-बारा, सालीसकट, शेंगांच्या गादीत एकमेकांना न चिकटता. मडक्याच्या भिंतीला लागलेले अंडे फुटतेच. तेल कुठेही लागत नाही.

तोंडात भांबुर्ड्याचा पाला गच्च ठासावा. मडके तिरपे करून हलवून पाहावे, आत काही सरकल्याचे जाणवले तर अजून पाला हवा. बोळा सैल राहिला तर उलटे करताना अर्धा माल बाहेर येतो आणि उरलेल्यात धूर शिरतो.

चार बोटे खोल खळगा करून मडक्याचे तोंड त्यात बसवावे, भोवती माती दाबावी. दोन मडक्यांत हातभर अंतर. आधी काटक्या नि शेण्या चहूबाजूंनी उभ्या लावाव्यात, वरून पेंढा आणि सुके गवत. जाळ सगळ्या बाजूंनी सारखा हवा. ओंडके घालू नयेत, ते एका बाजूला धुमसत राहतात. वाऱ्यामुळे एक बाजू भराभर जळते, म्हणून पेंढ्याची जास्तीची भर दुसऱ्या बाजूला करत राहावी. एका माणसाने तेवढेच काम करायचे. रॉकेल, टायर, थर्माकोल नको. इमारतीच्या कामावरून उचललेले प्लायवूड आणि रंगवलेल्या फळ्या तर मुळीच नकोत. माती सच्छिद्र असते, डिंक आणि रंगाचा धूर थेट आतल्या अन्नाला लागतो.

वेळ पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटे. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला म्हणजे झाली, हे सगळे सांगतात. पण तो आवाज मडके तापल्याचा आहे, आतले शिजल्याचा नाही. दहा-पंधरा मिनिटांतही तो येतो आणि उतावळी मंडळी तिथेच फसतात. पस्तीस मिनिटे झाली, शेंग शिजल्याचा नि ओव्याचा मिळून वास सुटला आणि पाण्याचे थेंब पडताक्षणी उडाले, हे तिन्ही जुळले की जाळ बाजूला ओढावा. पाणी हाताने थेंब थेंबच, तांब्याने ओतले तर मडके दुभंगते. निखाऱ्यांत दहा मिनिटे राहू द्यावे. मग कोरड्या, जाड गोणपाटाने धरून काढावे. ओल्या गोणपाटाची वाफ हात भाजते. पहिला बोळा लांब काठीने काढावा, त्यामागोमाग गरम वाफेचा लोट येतो, पोरांना समोर उभे करू नये. कोंबडीचा सर्वांत जाड तुकडा आधी फोडून पाहावा, लाल दिसला तर सगळी कोंबडी पातेल्यात घालून गॅसवर शिजवावी.

ओतायचे ते केळीच्या पानांवर किंवा धुतलेल्या परातीत. वर्तमानपत्रावर नको. संपादकांनी राग मानू नये, पण छपाईची शाई पोटात जायला नको आणि अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायलाही मनाई आहे.

आता जागेचा मुद्दा, ज्यासाठी मुळात लिहायला बसलो. गच्चीवर जाळ केला की उष्णतेने वॉटरप्रूफिंगचा थर तडकतो, पुढच्या जूनमध्ये वरच्या मजल्यावर गळती सुरू होते आणि सोसायटीच्या सभेत वर्षभर भांडण चालते. आवारातला पालापाचोळा जाळणे हेही उघड्यावर कचरा जाळणेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे. पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवर गवत वाळून कडकडीत झालेले असते, तिथे उडालेली एक ठिणगी वणवा लावते. ठाणेकरांना येऊर जवळ वाटते, पण ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तिथे चूल मांडण्याचा प्रश्नच नाही. खाडीकाठची खारफुटीही संरक्षित आहे.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या त्या गावांतली वालाची खाचरे बहुतेक संपली. पण उरणच्या पूर्व भागात, पनवेलच्या आतल्या गावांत आणि पुढे पेणकडे अजून वाल पिकतो. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते, पनवेलला तर ती केव्हापासूनच जाते. पंधरा जणांचे कुटुंब मडकी घेऊन दुपारी निघाले तर पाचला भरून होते, सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळताना जाळ पेटतो आणि साडेसातला जेवण होते. नातेवाईक नसलेल्यांनी वाल तोडून झालेले खाचर मागावे आणि पैसे द्यावेत. शेंगांचे किलोवर, आणि पेंढ्याचे वेगळे. पेंढा हे गुरांचे वर्षभराचे वैरण आहे, पाहुण्यांसाठी पडलेला कचरा नव्हे. यजमान नको नको म्हणेल, तरी द्यावेत.

भोवतालची दहा फूट जागा गवत काढून साफ करावी, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. निघताना निखाऱ्यांवर पाणी, मग माती, आणि हात वर धरून धग उरली नाही याची खात्री. शेंगांची सालपटे यजमानाला विचारून गुरांना किंवा खतात. हाडे आणि अंड्यांची टरफले पिशवीत भरून परत न्यावीत, नाहीतर रात्री कुत्री शेत उकरतात. मडके फुटले असेल तर त्याची प्रत्येक खापरी वेचून काढावी. जुलैत त्याच चिखलात माणसे अनवाणी उतरून भाताची आवणी करतात.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई